हॅमस्टरचं स्टार्टर किट: बुजरा जीव माणसाळवायला यातलं काय कामाचं?

खोक्यावरचं चित्र जवळपास ठरलेलं असतं. लहान मुलाच्या तळहातावर हॅमस्टर बसलाय, गाल फुगलेले, डोळे चमकताहेत. खोकं उघडलं की निघतो साधारण ४० × २५ सेंमीचा पिंजरा, १२ ते १४ सेंमी व्यासाचं चाक, प्लास्टिकचं इवलंसं घर, पाण्याची बाटली, खाण्याची वाटी, भुशाची छोटी पिशवी, अंथरुणासाठी कापसाचा गोळा, मिठाची वडी, दाणे चिकटवलेली गोड कांडी आणि जमिनीवर फिरवायचा पारदर्शक चेंडू. महागड्या किटमध्ये वरून रंगीत नळ्या, जाड हातमोजे आणि ‘शांत करणारा’ फवारा.

हे परीक्षण एकाच कसोटीवर आहे. नुकता आणलेला, भेदरलेला हॅमस्टर हातावर यायला यातल्या वस्तूची मदत होते की तिचाच अडथळा होतो? रंग, दिसणं, जोडणी किती सोपी, हे सगळं बाजूला ठेवलंय. या कसोटीवर बाटली आणि वाटी पास होतात, घर काठावर निसटतं आणि उरलेलं बहुतेक सामान नापास होतं. त्यातलं काही तर नुसतं निरुपयोगी नाही, हॅमस्टरला आणखी बुजवणारं आहे.

आधी पिंजऱ्यात येणारा पाहुणा कोण आहे ते पाहू. आजच्या पाळीव सीरियन, म्हणजे आकाराने मोठ्या जातीच्या, हॅमस्टरांपैकी बहुतेकांचं मूळ १९३० साली अलेप्पोजवळ बिळातून खणून काढलेल्या एका मादीच्या पिल्लांपर्यंत जातं. म्हणजे माणसाच्या घरात या प्राण्याला अजून १०० वर्षंही झालेली नाहीत. कुत्र्यामांजरांच्या हजारो वर्षांपुढे हे काहीच नाही. त्याच भागात पुढे मोजलेली रानटी हॅमस्टरांची बिळं सरासरी ६५ सेंमी खोल निघाली, आणि एका बिळात प्रौढ हॅमस्टर एकच. एकटा राहणारा, संधिप्रकाशात आणि रात्री बाहेर पडणारा, नजर अधू पण नाक आणि कान कमालीचे तिखट, आणि वरून झेप घेणारी प्रत्येक गोष्ट शिकारी पक्षी समजणारा असा हा जीव आहे. तो हाताला घाबरतो यात त्याचा काही स्वभावदोष नाही. त्याच्या हिशेबाने तो बरोबरच वागतोय.

पिंजरा

किटचा सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. ४० × २५ सेंमीत हॅमस्टरला हातापासून लांब जायला जागाच उरत नाही. हात आत गेला की तो कोपऱ्यात, आणि कोपऱ्यात सापडलेला हॅमस्टर एक तर थिजतो, नाही तर चावतो. जवळ यायचं की नाही हे त्याचं त्याला ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी लांब जायची सोय हवी. सीरियनसाठी सलग १०० × ५० सेंमी जमीन आणि ५० सेंमी उंची हे किमान माप धरावं. बुटक्या जातींनाही यात कपात करू नये, त्या अंगाने लहान असल्या तरी धावतात भरपूर. मजले धरून बेरीज करायची नाही. तीन माळ्यांचा अरुंद मनोरा म्हणजे पडायच्या तीन जागा.

गजांमधलं अंतर सीरियनसाठी जास्तीत जास्त १ सेंमी, बुटक्यांसाठी ७ मिमीच्या आत. लहान वयाचा सीरियनही १ सेंमीच्या फटीतून डोकं घालून पाहतो, म्हणून सुरुवातीचे दोन महिने काचेची पेटी किंवा बंद भिंतींचा पिंजरा बरा. झाकणाला मात्र जाळी हवी, हवा खेळली पाहिजे.

आता दार. किटच्या पिंजऱ्याचं दार बहुधा वर असतं. वरून उतरणारा हात आणि वरून उतरणारी घार यांत बुजऱ्या हॅमस्टरला फरक कळत नाही. समोरून, जमिनीच्या पातळीवर उघडणारं दार असलेला पिंजरा मिळाला तर माणसाळवण्याचं निम्मं काम सोपं होतं. फक्त त्याला दाराखाली २० सेंमीचा तरी कठडा असावा, नाही तर भुसा ढासळतो. पेटी फक्त वरून उघडणारी असेल तर हात प्राण्याच्या डोक्यावरून न्यायचा नाही. पेटीच्या रिकाम्या टोकाला, भिंतीला लागून हात हळूहळू खाली सोडायचा, भुशावर टेकवायचा आणि मग तिथेच ठेवायचा.

पिंजरा ठेवायचा कमरेच्या उंचीवर, दोन बाजू भिंतीला लागून. खोलीच्या मधोमध, चारही बाजूंनी उघडा ठेवलेला पिंजरा म्हणजे हॅमस्टरच्या मते उघडं माळरान. टीव्ही, स्पीकर, मोबाइलचा चार्जर पिंजऱ्याला खेटून नको. माणसाला ऐकू न येणारे उंच पट्टीतले आवाज हॅमस्टरला ऐकू येतात आणि काही विजेची उपकरणं तसे आवाज करतात. तापमान १८ ते २४ अंशांच्या दरम्यान, थेट ऊन नाही.

भुसा आणि कापूस

भुशाची पिशवी उघडून पसरली की जेमतेम २ सेंमीचा थर होतो. हॅमस्टरचा प्रश्न सुटायला हवा किमान २५ ते ३० सेंमी, तोही थोडा दाबून, म्हणजे बीळ कोसळत नाही. एका अभ्यासाचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. त्यात सीरियन हॅमस्टरांना १०, ४० आणि ८० सेंमी भुशावर ठेवून पाहिलं होतं. १० सेंमीवाले गज कुरतडण्यात इतरांपेक्षा स्पष्टपणे पुढे होते. गज कुरतडणं हे अस्वस्थपणाचं लक्षण. त्याला लोक ‘बाहेर काढा म्हणतोय’ असं समजतात, बोट पुढे करतात आणि चावून घेतात.

नवख्यांचं घोडं इथेच पेंड खातं. खोल भुशात हॅमस्टर दिसणार कसा, आणि दिसलाच नाही तर माणसाळणार कसा? घडतं नेमकं उलट. उथळ भुशावरचा हॅमस्टर दिवसभर उघड्यावर असल्यासारखा जागा, ताणलेला, प्रत्येक पावलाला दचकणारा. ज्याला दोन सेकंदांत बिळात शिरता येतं, तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसायला धजतो. पहिला आठवडा तो जवळजवळ दिसत नाही हे खरं. दुसऱ्या आठवड्यापासून तो स्वतःहून बाहेर यायला लागतो आणि मग पळून जात नाही, कारण पळायची घाई उरलेली नसते.

भुसा कोणता? कागदाचा लगदा, धूळ काढलेला ॲस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा, किंवा दोन्ही मिसळून, आणि बीळ टिकावं म्हणून वाळलेल्या गवताच्या दोनचार मुठी. देवदार आणि पाइनचा वास मारणारा भुसा नको, त्यातली उडनशील द्रव्यं नाका-फुप्फुसांना बाधतात. सुगंधी भुसा तर अजिबात नको. जो प्राणी माणसाला वासाने ओळखणार, त्याच्या नाकासमोर लॅव्हेंडर ठेवून त्याच्याकडून ओळखीची अपेक्षा करायची, हे पालथ्या घड्यावर पाणी.

कापसाचा गोळा सरळ कचऱ्यात. त्याचे धागे पायांना गुंडाळले जातात, रक्त थांबतं आणि पाय गमवावा लागतो. गालातल्या पिशव्यांत किंवा पोटात अडकला तर त्याहून वाईट. बिनवासाचा, बिनरंगी टिश्यू पेपर फाडून द्यायचा, दुसरं काही लागत नाही. हा टिश्यू माणसाळवतानाही कामाला येतो, त्याबद्दल खाली.

घर, चाक, वाळू

प्लास्टिकचं घर काठावर पास, कारण लपायला काहीतरी असणं हे काहीच नसण्यापेक्षा बरं. पण त्यात दमट होतं आणि जागा एकाच प्राण्याला वळता येईल इतकी. चांगलं म्हणजे दोन-तीन कप्प्यांचं, तळ नसलेलं लाकडी घर. तळ नसला की खाली बीळ खणता येतं. छप्पर उचलता येण्यासारखं असावं, पण ते उचलायचं फक्त ओला भुसा काढायला किंवा प्राणी आजारी वाटला तर. ‘काय करतोय बघू’ म्हणून दिवसातून तीनदा छप्पर उचललं की हॅमस्टर त्या घरात झोपणं सोडतो, आणि घर सोडलेला हॅमस्टर माणसाळत नाही.

चाक: सीरियनसाठी २८ सेंमी किंवा मोठं, बुटक्यांसाठी २० सेंमी, धावायची पट्टी सलग, गजांची नाही. पाठ वाकवून धावावं लागत असेल तर चाक लहान. किटमधलं १२ सेंमीचं चाक कुठल्याच प्रौढ हॅमस्टरच्या कामाचं नाही. चाकाचा माणसाळण्याशी संबंध एवढाच, की रात्री पोटभर धावलेला प्राणी हाताशी कमी चिडचिड करतो.

वाळूचं भांडं किटमध्ये नसतं, ते आणावं. धूळ नसलेली बारीक वाळू, पावडर नव्हे. पावडर फुप्फुसांत जाते. हॅमस्टर वाळूत लोळून अंग साफ करतो आणि पुष्कळदा लघवीही एका कोपऱ्यात वाळूतच करतो. या दुसऱ्या सवयीमुळे अख्खा पिंजरा धुण्याची वेळ क्वचितच येते.

आणि ते महत्त्वाचं आहे. दर आठवड्याला सगळा भुसा बदलून पिंजरा साबणाने लखलखीत करणं हे माणसाळण्यात खीळ बसण्याचं फार मोठं आणि फारसं कुणाच्या लक्षात न येणारं कारण. त्या भुशावर हॅमस्टरने आपल्या ग्रंथींचा वास लावून ‘हे माझं’ असं लिहून ठेवलेलं असतं. एका दुपारीत ते सगळं पुसलं जातं आणि तो पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. ओला भाग रोज किंवा दिवसाआड काढायचा, साठवलेलं ओलं खाणं काढायचं, बाकीला हात लावायचा नाही. कधी मोठी सफाई करावीच लागली तर जुन्या कोरड्या भुशाचा किमान एक तृतीयांश भाग आणि घरट्याचा टिश्यू परत घालायचा.

चेंडू, हातमोजे, फवारा, कांडी

पारदर्शक चेंडूबद्दल आमचं मत कडक आहे: देऊ नये. आत हवा कोंडते, हॅमस्टरला ना धड वास येतो ना थांबता येतं, फटीत बोटं अडकतात, आणि भिंतीवर आपटलं की दणका सगळ्या अंगाला बसतो. तो आत पळतो ते मजेने नव्हे. पायाखालची जमीन सरकते म्हणून पळतो. शिवाय चेंडूत घालायला आधी पकडावं लागतं, म्हणजे प्रत्येक वेळी हाताची एक वाईट आठवण वाढते.

जाड हातमोजे दुसऱ्या टोकाला. माणूस सुरक्षित राहतो हे खरं. पण हॅमस्टरला हाताचा वास मिळत नाही आणि माणसाला आपण किती दाबतोय ते कळत नाही. मोज्यातल्या हाताने दाबून धरलेला हॅमस्टर पुढच्या वेळी आधीच चावतो. चावण्याची भीती वाटत असेल तर मोज्याऐवजी मग वापरावा. चहाकॉफीचा साधा, रुंद तोंडाचा मग. या परीक्षणात एखाद्या वस्तूला पैकीच्या पैकी गुण असतील तर ते या मगाला. आडवा ठेवला की हॅमस्टरला ते बीळ वाटतं, तो स्वतःहून शिरतो, तोंडावर हात धरून उचलायचा आणि हवं तिथे न्यायचा. कुणी कुणाला पकडलं नाही, कुणी चावलं नाही.

शांत करणारे फवारे आणि पाण्यात टाकायचे जीवनसत्त्वांचे थेंब सोडून द्यावेत. थेंबांनी पाण्याची चव बदलते आणि नवा प्राणी पाणी पिणंच कमी करतो. मिठाची वडी निरुपद्रवी पण निष्कारण, चांगल्या आहारात मीठ असतंच. गोड कांडी मात्र माणसाळवण्याच्या आड येते. जो खाऊ पिंजऱ्यात दिवसभर टांगलेला आहे, त्यासाठी हातावर यायचं कशाला? शिवाय बुटक्या जातींना मधुमेह होण्याचा धोका असतो, त्यांना साखर नकोच.

त्याऐवजी लालूच म्हणून सूर्यफुलाची बी, भोपळ्याची बी, काकडीचा नखाएवढा तुकडा, वाळवलेली मीलवर्म अळी. सूर्यफुलात चरबी भरपूर, म्हणून सीरियनला दिवसाला दोन बिया, बुटक्याला एक. आणि माणसाळेपर्यंत या गोष्टी वाटीत घालायच्याच नाहीत. त्या फक्त हाताकडून मिळतात, असा हिशेब त्याच्या डोक्यात बसला पाहिजे.

किटमध्ये जे असायला हवं होतं

चहाचा मग, लांब दांड्याचा चमचा, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि गुळगुळीत भिंतींचं, ५० सेंमी उंचीचं खेळायचं रिंगण. चारही वस्तू एरवी घरात असतात किंवा जमवता येतात. कोरडा बाथटब किंवा मोठं प्लास्टिकचं खोकं रिंगण म्हणून चालतं, तळाशी टॉवेल अंथरला म्हणजे पाय घसरत नाहीत. टबाच्या निचऱ्याचं भोक बंद करायला विसरू नये.

या चार वस्तूंनिशी क्रम असा जातो.

आणल्यापासून तीन दिवस हात लावायचा नाही. खाणं, पाणी, बस. पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर पातळ कापड टाकावं. वाटी भरताना दर वेळी तेच दोनचार शब्द, त्याच हळू आवाजात बोलावेत. तिसऱ्या संध्याकाळी टिश्यूचा एक तुकडा तळहातात दहा मिनिटं धरून घराच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवायचा. सकाळी तो घरट्यात ओढून नेलेला दिसला तर उत्तम. नुसता दूर ढकललेला दिसला तर आणखी दोन दिवस थांबायचं.

चौथ्या दिवसापासून हात आत. वेळ संध्याकाळची, तो स्वतः उठून बाहेर आलेला असतानाच. झोपलेल्याला उठवून कधीच नाही; हॅमस्टर चावला अशा तक्रारींत झोपमोड हे नेहमीचं कारण असतं. हात आधी साबणाने धुवायचे, बिनवासाच्या साबणाने. हाताला खाण्याचा वास असला तर बोट म्हणजे खाऊ. तळहात वर, बोटं जुळवून, पिंजऱ्याच्या टोकाला भुशावर टेकवायचा आणि पाच ते दहा मिनिटं तसाच ठेवायचा. हलवायचा नाही, त्याच्याकडे सरकवायचा नाही. तो येतो, बोटाच्या टोकाला नाक लावतो, मिशा थरथरतात, एकदम मागे उडी मारून बिळात जातो. अर्ध्या मिनिटाने पुन्हा नाक बाहेर. तिसऱ्या-चौथ्या वेळी कडेला दात हलकेच टेकवून पाहतो. हे चावणं नाही. चव घेणं आहे. इथे हात झटकला तर आठवडा वाया जातो. दातांचा जोर वाढायला लागला तर बोट हळूच मुठीत मिटायचं, हात तिथेच ठेवायचा.

जे हातापाशीही येत नाहीत त्यांच्यासाठी चमचा. टोकाला एक बी ठेवून २० सेंमी अंतरावरून पुढे करायची. पहिल्या दिवशी तो बी ओढून पळतो. रोज बोटं दांड्यावर दोन सेंमी पुढे सरकवायची. आठ-दहा दिवसांत चमच्याचं तोंड बोटांतच येतं, आणि मग चमचा काढून टाकला तरी हॅमस्टरला फरक पडत नाही. घाई करणारे एका दिवसात दहा सेंमी सरकतात आणि मग चमच्यालाही तो घाबरायला लागतो.

पुढचा टप्पा बीच्या जागेचा. आधी बोटांच्या टोकावर, मग बोटांच्या मुळाशी, म्हणजे पुढचे दोन पाय हातावर टेकवावेच लागतील. मग मनगटाजवळ, म्हणजे चारही पाय. तो बी जागेवरच सोलून खायला लागला तर ती चांगली खूण. नुसती गालात कोंबून पळत असेल तर अजून धास्ती आहे. चारही पाय हातावर आले तरी त्या दिवशी हात उचलायचा नाही. सलग तीन संध्याकाळी तो निवांत चढला-उतरला की चौथ्या दिवशी फक्त दोन सेंमी वर, दोन सेकंद, आणि परत खाली. उतरायची वाट मोकळी आहे हे त्याला पटलं की तो उडी मारत नाही.

उचलणं शिकवायला पिंजऱ्यापेक्षा रिंगण बरं. पिंजरा त्याचा इलाका, तिथे तो पहारा करतो. रिंगणात तो पाहुणा आणि त्यातल्या त्यात ओळखीचा वास तुमचाच. मगातून न्यायचं, आत एक लपायची जागा, थोडी वाळू, आणि माणूस शेजारी बसलेला. दहा ते पंधरा मिनिटं. तो मांडीवर चढेल, बाहीत शिरायला पाहील. मग दोन्ही हात बाजूंनी, खालच्या पातळीवरून, ओंजळीसारखे आणायचे. वरून, पाठीमागून किंवा मानेला धरून कधी नाही. ओंजळ जमिनीपासून वीतभरच वर. हॅमस्टरला उंचीचा अंदाज येत नाही, तो हातावरून सरळ हवेत पाऊल टाकतो आणि टेबलाच्या उंचीवरून पडला तर हाडं मोडतात. म्हणून मुलांनी हॅमस्टर हाताळायचा तो जमिनीवर बसून, शेजारी मोठं माणूस असताना.

तो ओंजळीत चालत राहिला तर एका हातासमोर दुसरा हात ठेवत जायचं, जिना केल्यासारखं. थांबवायला बोटं आवळायची नाहीत. सगळं जमायला काही सीरियन दोन आठवडे घेतात, काही दोन महिने.

‘शांत बसलाय’ म्हणजे काय

किटबरोबरच्या पुस्तिकेत एक वाक्य हमखास असतं: हॅमस्टर हातात शांत बसला की तो माणसाळला. हे वाक्य धोक्याचं आहे. भेदरलेला हॅमस्टरही शांतच बसतो. फरक अंगावर दिसतो. भीतीने थिजलेल्याचे कान मागे घडी पडलेले, डोळे बाहेर आलेले, पोट भराभर हलतंय, अंग जमिनीला चिकटलेलं, पंजा हवेत उचललेला तसाच राहिलाय. निवांत बसलेल्याचे कान उभे आणि हलते, मिशा चालू, अंग सैल. मध्येच तो जांभई देतो, आळस देत लांब होतो, सावकाश तोंड धुतो. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. हाताळल्यावर लगेच घाईघाईने, झटक्याझटक्याने अंग चाटणं हा ताणाचा प्रकार आहे.

दात कटकटणं, पाठीवर उलटं पडून दात दाखवणं, किंचाळणं या तिन्ही वेळी हात न झटकता हळू मागे घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आधीच्या टप्प्यावर जायचं. तोंडावर फुंकर मारणं, टिचकी मारणं, ओरडणं याने तो ‘शिकत’ नाही, हात वाईट असतो एवढीच नोंद करतो. चावून लोंबकळलाच तर हात खाली, भुशावर किंवा टॉवेलवर टेकवायचा, पाय जमिनीला लागले की तो सोडतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची; खोल असेल, सूज चढली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टर. हाताळण्याच्या आधीसारखं नंतरही हात धुवायचे. गरोदर स्त्रियांनी हॅमस्टरची हाताळणी आणि सफाई टाळावी, काही हॅमस्टरांत गर्भाला घातक ठरणारा एक विषाणू असू शकतो.

आणखी एक गफलत: चांगला चढणारा हॅमस्टर अचानक सुस्त झाला की लोक खूश होतात. गार अंग, मंद श्वास, जागा न सोडणं ही थंडीने आलेल्या गुंगीची किंवा आजाराची लक्षणं असतात. त्यासाठीच काटा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, मगात बसवून वजन करायचं आणि मगाचं वजन वजा करायचं. आठवड्याभरात दहावा हिस्सा उतरला तर पशुवैद्याकडे. नव्या जागेच्या ताणाने, विशेषतः तीन ते आठ आठवड्यांच्या सीरियन पिल्लांना, जुलाब लागून शेपटीचा भाग ओला आणि घाणेरडा होतो. यात एक-दोन दिवसांत प्राणी जातो. हे दिसलं की माणसाळवणं बाजूला ठेवून त्याच दिवशी पशुवैद्य गाठायचा.

मग किट घ्यावं का?

बाटली, वाटी आणि जमलं तर घर, एवढ्यासाठी संपूर्ण किट घेण्यात अर्थ नाही. तीन वस्तू सुट्या मिळतात, आणि वाचलेले पैसे मोठा पिंजरा आणि भुशात घालावेत. किट आधीच घरात आलं असेल तर लहान पिंजरा फेकू नये. पशुवैद्याकडे न्यायला आणि मोठी सफाई करताना तासाभरासाठी ठेवायला तो बरा. नळ्यांपैकी ज्यांचा व्यास ७ सेंमीपेक्षा कमी आहे त्या सीरियनला देऊ नयेत, गाल भरलेला असताना तो मध्येच अडकतो. आणि ते रंगीत पुठ्ठ्याचं खोकं! टेप आणि खिळे काढून, दोन बाजूंना दारं कापून रिंगणात ठेवावं. किटमधल्या कुठल्याही खेळण्यापेक्षा त्यात तो जास्त वेळ घालवतो.

जातीनुसारही अपेक्षा ठरवावी. सीरियन आकाराने मोठा, चालीने संथ, म्हणून सुरुवातीला तोच सोपा. बुटक्यांपैकी काही पिंजऱ्यात चावायला हातावर धावून येतात आणि रिंगणात मात्र लोण्यासारखे मऊ असतात, त्यांना मगानेच बाहेर काढावं. किटच्या खोक्यावरच्या तळहातावर पुष्कळदा रोबोरोव्स्की या बुटक्या जातीचा हॅमस्टर दाखवलेला असतो, जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅमचा. तो चावत नाही म्हणण्याइतका कमी चावतो, पण तळहातावर बसणं त्याच्या स्वभावातच फारसं नाही. त्याच्या बाबतीत यश म्हणजे एवढंच, की रात्री दिवा मंद केल्यावर तो वाळूच्या भांड्यातून थेट तुमच्या बोटांकडे येतो, बी ओढून घेतो, बोटावर क्षणभर दोन पाय टेकवतो आणि निघून जातो.